खेळण्याचा हक्क, जपण्याचे कर्तव्य

२५ मार्च २०१७ रोजी ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे ॲडलेड क्रोज या संघाने ब्रिस्बेन लायन्सला अवघ्या सहा गुणांनी हरवले आणि स्त्रियांच्या पहिल्या राष्ट्रीय ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचे अजिंक्यपद मिळवले. त्या विजयी संघात एरिन फिलिप्स होती आणि हेदर अँडरसनही होती. पहिलीचे वय ३१, दुसरीचे २२. पहिली त्या दिवशी सामन्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली. दुसरीच्या खांद्याला त्याच सामन्यात जबर दुखापत झाली. या दोघींच्या आयुष्यांचा विचार करू लागलो की एक प्रश्न आम्हांला स्वस्थ बसू देत नाही. ज्या वस्तूपासून एखाद्याला अन्यायाने वंचित ठेवले गेले, ती वस्तूच जर निर्धोक नसेल, तर ती त्याच्या हवाली केल्याने अन्यायाचे परिमार्जन होते काय? की न्याय देणाऱ्यावर त्यापुढेही काही ऋण उरते?

आमच्या वाचकांपैकी अनेकांना हा खेळ पाहण्याचा योग आला नसेल. ज्यांची भावंडे मेलबर्न किंवा पर्थ येथे जाऊन स्थायिक झाली आहेत, त्यांनी कदाचित त्याचे वर्णन ऐकले असेल. नावात फुटबॉल असला, तरी आपल्याकडच्या फुटबॉलशी त्याचे नाते दूरचे आहे. क्रिकेटच्या लंबवर्तुळाकार मैदानावर पुरुषांचे १८-१८ आणि स्त्रियांचे १६-१६ खेळाडू एका लांबट चेंडूसाठी झुंजतात. चेंडू लाथेने उडवता येतो, मुठीने ठोसून सहकाऱ्याकडे देता येतो, आणि प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवरून झेप घेऊन हवेत झेलताही येतो. ज्याच्या हाती चेंडू, त्याला विळखा घालून जमिनीवर पाडण्याची मुभा असते. आणि हा विळखा समोरून येईल, बाजूने येईल की मागून, याचा नेम नसतो. कबड्डीतील पकड धावत्या वेगात आणि चहूबाजूंनी होऊ लागली तर काय होईल, अशी कल्पना केली म्हणजे थोडा अंदाज येईल. अंगावर चिलखत नाही, डोक्यावर शिरस्त्राणाची सक्ती नाही. खेळ देखणा आहे, आणि कठोरही आहे.

एरिनचे वडील ग्रेग फिलिप्स हे पोर्ट ॲडलेड क्लबचे नामांकित खेळाडू. त्या क्लबकडून खेळताना आठ वेळा ते अजिंक्य संघात होते. मुलगी वडिलांच्या मागोमाग मैदानावर गेली आणि मुलग्यांच्या संघात त्यांच्या बरोबरीने खेळू लागली. तेराव्या वर्षी तिला थांबावे लागले. ती कमी पडली म्हणून नव्हे, तर पुढे मुलींसाठी रस्ताच नव्हता म्हणून. ऑस्ट्रेलियाच्या १९८४ च्या कायद्याने स्त्री-पुरुष भेदभावाला मनाई केली खरी, परंतु जेथे शारीरिक बळाचा व दमाचा संबंध येतो अशा स्पर्धात्मक खेळांना, खेळाडू १२ वर्षांचे झाल्यावर, त्या मनाईतून सूट ठेवली. म्हणजे बाराव्या वर्षापर्यंत ती खेळाडू. त्यानंतर ती केवळ मुलगी. वयात आल्याबरोबर अंगणातून घरात बोलावून घेतल्या गेलेल्या आपल्याकडच्या मुलींची येथे कोणाला आठवण झाली, तर ती अस्थानी ठरणार नाही. तेथेही कारण हेच सांगितले जाई, आणि येथेही हेच: तुझ्याच भल्यासाठी.

वास्तविक स्त्रियांना हा खेळ नवा नव्हता. १९२९ साली ॲडलेड ओव्हल या मैदानावर स्त्रियांचा सामना पाहण्यासाठी सुमारे ४१,००० माणसे लोटली होती. तेव्हा लोकांना पाहण्याची इच्छाच नव्हती, असेही म्हणता येत नाही. १९८१ पासून व्हिक्टोरिया राज्यात स्त्रियांची स्वतंत्र लीग होती. खेळाडू पदरमोड करून खेळत. २००३ साली त्याच राज्यातील तीन किशोरवयीन मुलींनी मुलग्यांबरोबर खेळण्याच्या वयोमर्यादेविरुद्ध न्यायाधिकरणात दाद मागितली. त्यांपैकी पेनी क्युला-रीड पुढे २०१७ साली कॉलिंगवूड संघाकडून व्यावसायिक लीगमध्ये उतरली. मधली सारी वर्षे वाट पाहण्यात गेली.

एरिनने वाट पाहिली नाही. ती बास्केटबॉलकडे वळली. २००६ साली विश्वविजेत्या ऑस्ट्रेलियन संघात ती होती, २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिला रौप्यपदक मिळाले, आणि अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये २०१२ साली इंडियाना व २०१४ साली फिनिक्स या संघांसह तिने अजिंक्यपद मिळवले. दुसऱ्या पसंतीच्या खेळात जिने एवढे कमावले, तिला पहिल्या पसंतीचा खेळ वेळेवर मिळाला असता तर ती कोठवर गेली असती, असा प्रश्न तिच्याविषयी हटकून विचारला जातो. आम्हांला तो फारसा महत्त्वाचा वाटत नाही. एरिनजवळ दुसरी विद्या होती म्हणून तिची कहाणी आज सांगितली जाते. जिच्याजवळ ती नव्हती अशा मुलीने तेराव्या वर्षी बूट काढून ठेवले आणि तिचे पुढे काय झाले हे कोणी लिहून ठेवले नाही. यशस्वी माणसाच्या चरित्रावरून अन्यायाचे मोजमाप करू गेलो की हिशेब असा नेहमीच चुकतो.

३ फेब्रुवारी २०१७ रोजी मेलबर्नच्या प्रिन्सेस पार्क मैदानावर कार्लटन व कॉलिंगवूड यांच्यातील सामन्याने लीगचा प्रारंभ झाला. २४,५६८ प्रेक्षक आत शिरल्यावर दरवाजे बंद करावे लागले आणि शेकडो लोक बाहेर ताटकळत राहिले. या उत्साहामागचा व्यवहार मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. पहिल्या हंगामात बहुसंख्य खेळाडूंचे मानधन ८,५०० ऑस्ट्रेलियन डॉलर होते. नावाजलेल्या मोजक्या खेळाडूंना २७,००० मिळत. पुरुषांच्या लीगमध्ये तेव्हा लाखांचे आकडे चालत. म्हणून या मुली दिवसा शाळेत शिकवीत, रुग्णालयात शुश्रूषा करीत, दुकानात उभ्या राहत आणि संध्याकाळी सरावाला येत. एरिन स्वतः त्याच वर्षी अमेरिकेतील एका बास्केटबॉल संघाची साहाय्यक प्रशिक्षक होती. हेदर लष्करात वैद्यकीय साहाय्यकाचे काम करीत होती. व्यवसाय हा शब्द या लीगला लागला तो खेळाच्या कठोरपणामुळे, वेतनामुळे नव्हे.

एरिनच्या पुढील वाटचालीचा आलेख उंचच उंच गेला. २०१७ आणि २०१९ या दोन्ही वर्षी ती संपूर्ण लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली. ३१ मार्च २०१९ रोजी ॲडलेड ओव्हलवर तिच्या संघाने कार्लटनविरुद्ध अंतिम सामना जिंकला, तेव्हा ५३,०३४ प्रेक्षक उपस्थित होते. त्याच सामन्याच्या तिसऱ्या सत्रात तिच्या डाव्या गुडघ्यातील अस्थिबंध तुटला. तिला स्ट्रेचरवरून नेताना सारे मैदान उभे राहून टाळ्या वाजवीत होते आणि प्रतिस्पर्धी संघातील मुलीही तिला निरोप देण्यासाठी जवळ आल्या होत्या. हे दृश्य हृद्य होते यात शंका नाही. तथापि टाळ्यांचा आवाज ओसरल्यावर उरतो तो गुडघा, आणि त्याविषयी थोडे बोलले पाहिजे.

स्त्रियांच्या लीगमध्ये हा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण पुरुषांच्या मानाने कित्येक पटींनी अधिक आढळले. हे आकडे पुढे येताच जुने लोक म्हणू लागले, 'पाहा, आम्ही सांगत नव्हतो?' स्त्रीदेहाची ठेवण, कंबरेची रुंदी, संप्रेरके अशी कारणे पुढे आली, आणि त्यांत काही तथ्य असेलही. पण २०२१ साली ब्रिटनच्या क्रीडावैद्यक नियतकालिकात काही संशोधिकांनी एक वेगळाच प्रश्न विचारला: दोष केवळ देहात शोधता, तो त्या देहाच्या भोवतालच्या परिस्थितीत का शोधत नाही? मुलगा पाचव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत पडायला शिकतो, वळायला शिकतो, धक्का झेलायला शिकतो. मुलीला ऐन शिकण्याच्या वयात घरी पाठवले जाते. व्यायामशाळा, प्रशिक्षक, विश्रांती, पुरेसा वेळ यांपैकी तिच्या वाट्याला काही येत नाही. मग एके दिवशी दार उघडते आणि तिला त्याच वेगाने धावायला सांगितले जाते. ती पडते, आणि तिचे पडणे हाच दार बंद ठेवण्याच्या बाजूचा पुरावा म्हणून मांडला जातो. मनाईने धोका निर्माण करायचा आणि त्या धोक्याने मनाईचे समर्थन करायचे, हे चक्र फार जुने आहे. ज्या घरात मुलीला पोहायला शिकवले नाही, त्याच घरात मुली पाण्यात बुडतात म्हणून त्यांना पाण्याकडे जाऊ देत नाहीत.

तेव्हा संरक्षणाच्या नावाखाली दार लावून घेणाऱ्यांची बाजू आम्हांला पटत नाही, हे स्पष्टच सांगतो. परंतु एरिनची कहाणी तेवढीच सांगून थांबणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ती गुडघा बरा करून परतली, २०२२ साली तिसरे अजिंक्यपद जिंकले, त्याच वर्षी वडिलांच्या पोर्ट ॲडलेड क्लबने स्त्रियांचा संघ उभारला तेव्हा त्याची पहिली कर्णधार झाली आणि वडिलांचा २२ हा क्रमांक पाठीवर घेऊन खेळली. २०२३ साली ती निवृत्त झाली. २०२५ साली ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या गौरवदालनात तिचा समावेश झाला. स्त्रियांच्या या लीगमधून तो मान मिळवणारी ती पहिली. कहाणी सुफळ संपूर्ण. पण तिच्याच संघातील दुसरी मुलगी मध्येच राहून जाते.

हेदर अँडरसन वयाच्या पाचव्या वर्षापासून अंगाला अंग भिडणारे खेळ खेळत आली होती. २०१७ च्या हंगामात ती आठही सामने खेळली. मैदानात ती डोक्यावर भडक गुलाबी रंगाची मऊ टोपी घालीत असे. तिच्या आईची दृष्टी अधू होती, आणि एवढ्या मुलींच्या गर्दीतून आपली मुलगी आईला ओळखता यावी म्हणून तो रंग. अंतिम सामन्यातील खांद्याच्या दुखापतीनंतर तिची कारकीर्द पुढे गेली नाही. ती लष्करातील कामाकडे परतली. १३ नोव्हेंबर २०२२ रोजी, वयाच्या २८ व्या वर्षी, तिचे निधन झाले. तो अंत तिने स्वतःच्या हाताने ओढवून घेतला असे मानले जाते. कुटुंबीयांनी तिचा मेंदू सिडनीतील ऑस्ट्रेलियन स्पोर्ट्स ब्रेन बँकेला दान केला. जुलै २०२३ मध्ये तेथील तज्ज्ञांनी जाहीर केले की, डोक्याला वारंवार बसणाऱ्या हादऱ्यांमुळे जडणारा सी. टी. ई. हा मेंदूविकार तिला झालेला होता. व्यावसायिक स्त्री-खेळाडूत या विकाराचे निदान होण्याची जगातील ही पहिली वेळ. हा विकार मृत्यूनंतर मेंदू तपासूनच निश्चित करता येतो. तो होता म्हणून तिने जीवन संपवले, असा सरळ निष्कर्ष कोणी जाणता माणूस काढणार नाही, आणि आम्हीही काढत नाही. मनुष्याच्या दुःखाला एकच दार नसते.

तपासणी करणारे डॉ. मायकेल बकलँड यांनी एक गोष्ट नमूद केली: पुरुष खेळाडूंच्या ज्या अनेक मेंदूंत त्यांनी हा विकार पाहिला, त्यांहून हेदरचा मेंदू वेगळा ओळखता आला नसता. समानतेसाठी इतकी वर्षे वाद झाले. सूक्ष्मदर्शकाखाली ती अशी आढळली.

येथे एक तुलना करावीशी वाटते. पर्थचे पॉली फार्मर हे या खेळातील आख्यायिका होऊन गेलेले नाव. २०१९ साली वयाच्या ८४ व्या वर्षी ते वारले, आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉलपटूंपैकी सी. टी. ई. चे निदान प्रथम त्यांच्याच बाबतीत २०२० साली झाले. त्यानंतर डॅनी फ्रॉली, शेन टक अशी आणखी नावे आली. तेव्हा हळहळ झाली, खटले झाले, नियम कडक करा अशी मागणी झाली. 'पुरुषांना खेळू द्यावे काय?' असे मात्र कोणी विचारले नाही. पुरुष जखमी झाला की तो वीर ठरतो, स्त्री जखमी झाली की ती तेथे मुळात गेलीच कशाला, असे विचारले जाते. इजा तीच, प्रश्न निराळा. आमच्या मते खरा प्रश्न दोघांच्याही बाबतीत एकच आहे, आणि तो पुरुषांच्या बाबतीत शंभर वर्षे विचारायचा राहून गेला होता. स्त्रिया मैदानात आल्यामुळे तो विचारला जाऊ लागला असेल, तर ते त्यांचे खेळावर उपकारच मानावे लागतील.

'त्या सज्ञान आहेत, त्यांनी स्वखुशीने पत्करले,' हे उत्तर तत्परतेने दिले जाते. संमतीचे मोल आम्ही कमी मानीत नाही. पण संमती म्हणजे नुसता होकार नव्हे. होकार देणाऱ्याला काय पत्करतो आहोत हे ठाऊक असावे लागते. हेदर पाचव्या वर्षी खेळू लागली तेव्हा तिला ते ठाऊक असणे शक्य नव्हते, आणि बाविसाव्या वर्षीही स्त्रियांच्या मेंदूविषयी कोणाला काही सांगता आले नसते, कारण अभ्यासासाठी आलेले बहुतेक मेंदू पुरुषांचेच होते. शिवाय नकार देण्याची किंमतही पाहावी लागते. इतक्या वर्षांनी उघडलेले दार. त्यातून आत आल्यावर 'माझे डोके दुखते आहे, आज मला बाहेर बसवा,' असे म्हणायला कोणती मुलगी धजेल? ज्याला जागा उपकारासारखी मिळते, तो तक्रार करीत नाही. शेतावर नव्याने लागलेल्या मजुराला हे कळते, आणि सासरी नव्याने आलेल्या सुनेलाही.

पैशासाठी या मुली आल्या होत्या असेही म्हणता येत नाही. ८,५०० डॉलरसाठी कोणी डोके फोडून घेत नाही. त्या खेळाच्या प्रेमापोटी आल्या. आणि येथेच नीतीचा प्रश्न अवघड होतो. लोभी माणसाला लुबाडले तर आपले मन तितकेसे टोचत नाही, पण जो प्रेमापोटी राबतो त्याच्या प्रेमावर संस्था उभी करायची आणि त्याच्या जखमांचा खर्च त्याच्याच माथी टाकायचा, याला काय म्हणावे? घरातील आईच्या श्रमांना मोल नसते याचे कारण ती ते प्रेमाने करते, असे आपण कौतुकाने म्हणतो. कौतुक करणाऱ्यांनी तिचे दुखणारे गुडघे कधी पाहिलेले असतात काय? हे विषयांतर वाटेल, पण आम्हांला तो एकच विषय वाटतो.

१ जून २०१८ रोजी व्हॅटिकनच्या प्रापंचिक, कुटुंब व जीवन विभागाने क्रीडाविषयक एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. खेळामुळे माणूस स्वतःतील उत्तम ते देऊ शकतो, असा त्याचा एकंदर सूर प्रसन्न आहे. पण त्यातच असेही बजावले आहे की, जो खेळ शरीराला गंभीर अपाय केल्यावाचून राहत नाही त्याचे नैतिक समर्थन करता येत नाही; आणि मेंदूच्या इजेसारखी हानी आता ध्यानात आली असताना समाजाने खेळाआधी माणसाचे हित पाहावे. हे वचन ऑस्ट्रेलियन फुटबॉलला पूर्णपणे लागू पडते असे आम्ही म्हणणार नाही, कारण हा अपाय अटळच आहे असे सिद्ध झालेले नाही. एरिनसारख्या कितीतरी जणी हसतमुखाने मैदानाबाहेर आल्या आहेत. पण हा अपाय टाळता येईल तेवढा टाळला का, हे तपासण्याचे ओझे मुलीवर नसून जो तिकीट विकतो त्याच्यावर आहे, एवढे त्यावरून निश्चित निघते. आणि जो तिकीट काढतो तोही यातून सर्वस्वी सुटत नाही. गुडघा धरून कोसळलेल्या मुलीसाठी उभे राहून टाळ्या वाजवणारे ५३,००० लोक चांगलेच होते. तरीही त्यांनी जे पाहण्यासाठी पैसे मोजले, त्यातच ते कोसळणेही होते.

काही गोष्टी घडत आहेत. २०२२ च्या उत्तरार्धापासून सर्व १८ क्लबांचे स्त्री-संघ झाले आणि किमान मानधन ३९,००० डॉलरांच्या वर गेले. मेंदूला हादरा बसलेल्या खेळाडूला किमान १२ दिवस सामन्यापासून दूर ठेवण्याचा नियम पुरुषांना आणि स्त्रियांना सारखाच लागू आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियन सिनेटच्या समितीने या विषयावर आपला अहवाल सादर केला. त्याच वर्षी लीगने खेळाडूंच्या मेंदूच्या आरोग्याचा दहा वर्षे अभ्यास करण्यासाठी अडीच कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले. २०२३ साली ज्या मुली बारा वर्षांच्या होत्या आणि ज्यांना आता मैदानातून कोणी घरी पाठवणार नाही, त्या हा अभ्यास पुरा होईल तेव्हा बावीस वर्षांच्या झालेल्या असतील. हेदर अंतिम सामना खेळली तेव्हा तिचे वय तेवढेच होते.